सुगी संपल्यावर बांधावर कोण राहते?

(रब्बी हंगामातील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात आपण खत, बियाणे, पाणी आणि फवारणी यांविषयी दरवर्षी ऐकता. आज मी पिकाविषयी थोडे आणि पिकाच्या कडेविषयी जास्त बोलणार आहे. हिवाळा सरून वसंत येईपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत, आपल्या बांधावर, ओढ्याला, माळावर आणि विहिरीच्या काठाला कोण राहते, काय खाते आणि सुगी झाल्यावर कोठे जाते, एवढाच आजचा विषय आहे.

विषय हौसेचा वाटेल, पण तो हौसेचा नाही. फाल्गुन उजाडला की गावोगाव बांध पेटतात. एक काडी ओढली की दहा मिनिटांत बांध साफ होतो. त्या दहा मिनिटांत आपण नेमके काय जाळतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काडी ओढू नये, असे माझे म्हणणे आहे.

हिशोब साधा आहे. रब्बीचे पीक शेतात चार महिने असते. पिकावरची कीड खाणारे कीटक, फुलांवर परागीभवन करणाऱ्या माश्या, उंदीर मारणारे साप आणि घुबडे यांना मात्र बारा महिने जगायचे असते. हरभरा उपटला, करडई कापली, शालू काढला की कोरडवाहू शेत उघडे पडते आणि मृगापर्यंत उघडेच राहते. या मधल्या काळात त्यांना आसरा आणि खाणे मिळते ते बहुतांशी बांधावर आणि ओढ्याकाठी. बांध किती हाताचा आहे यावर भाऊ-भाऊ कोर्टात जातात, बांध कोरला म्हणून पिढ्यान् पिढ्यांचा अबोला धरतात. पण त्या बांधावर राहते कोण, हे विचारले तर दोघांनाही सांगता येत नाही.

पाहायला केव्हा आणि कसे निघावे

लातूर, धाराशिव, सोलापूरकडील मंडळींना वेळा अमावास्येला सारे घर शिवारात नेण्याची रीत आहे. तो दिवस सुरुवातीला उत्तम. इतरांनी हुरड्याचे निमित्त करावे. सकाळी दव असतानाच निघावे. सोबत वही, पेन्सिल आणि मिळाल्यास एक भिंग असावे. घरातील जी बाई खुरपणीला जाते तिला बरोबर घ्यावे, नव्हे, तिलाच पुढे चालू द्यावे. पाथरी कोठे उगवते, चाकवत कोणत्या वाफ्यात दाट आहे, तितर कोठून उठतो, हे तिला पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असते.

नावांची अडचण मानू नये. एकाच पक्ष्याला तालुक्यागणिक वेगळे नाव असते. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'त अशी कितीतरी नावे एकत्र केलेली आहेत. आपल्या गावात जे नाव चालते तेच वहीत लिहावे.

पौषातील करडई आणि हरभरा

प्रथम करडईकडे जाऊ. थंडीत करडईच्या शेंड्यावर काळा मावा दाटतो. तो पाहिला की पंप पाठीवर घेण्याआधी पाच झाडे जवळून न्याहाळावीत. माव्यातच तुम्हाला लांबट, काळसर, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, चिमुकल्या सुसरीसारखी दिसणारी अळी फिरताना आढळेल. ही ढालकिड्याची अळी. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा बहुतेक जण ओळखतात. त्याचेच हे पिल्लू मात्र कीड समजून मारले जाते. प्रौढाप्रमाणेच तीही मावा खाते. पानावर बारीक केसाच्या टोकाला उभे असलेले पांढुरके अंडे दिसले तर ते क्रायसोपाचे. त्याचीही अळी मावा फस्त करते. फुलावर स्थिर तरंगणारी, मधमाशीसारखी दिसणारी पण दंश न करणारी माशी दिसली तर तिचीही अळी याच कामाची.

हरभऱ्याची गोष्ट जरा निराळी आहे. आपले वाडवडील पहाटे हरभऱ्यावर धुतलेले फडके पसरून आंब गोळा करीत. ही आंब म्हणजे पानावरील केसांतून पाझरणारे आम्ल. त्यामुळे काही मित्रकीटकांचे तेथे चालत नाही. कपाशीत किंवा उसात उपयोगी पडणारा ट्रायकोग्रामा हरभऱ्यावर फारसा गुण देत नाही, तो या आंबेमुळेच. पण एका गांधीलमाशीच्या जातीला आंबेची बाधा होत नाही. तिचे नाव कॅम्पोलेटिस. आकाराने ती डासापेक्षा थोडी मोठी. घाटे अळी लहान असतानाच ही माशी तिच्या अंगात अंडे घालते. त्यातून निघालेली अळी घाटे अळीला आतून खाते आणि ती घाट्यात तोंड घालण्याइतकी मोठी होण्यापूर्वीच तिला संपवते.

ही माशी दिसणे कठीण, पण तिची खूण सहज सापडते. हरभऱ्याच्या पानावर गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान, राखी-पांढरा, त्यावर काळपट डाग असलेला कोष शोधा. त्याला चिकटून वाळलेल्या अळीची कातडी असेल. असे कोष बऱ्याच ठिकाणी दिसत असतील तर तुमच्या शेतात फुकटचा मजूर कामाला लागला आहे. ओळीत मीटरभर अंतरात एक ते दोन अळ्या आढळल्याखेरीज फवारणीची घाई करू नये, ही शिफारस तुम्ही ऐकलेली आहे. त्या मोजणीबरोबर कोषही मोजावेत, इतकीच माझी पुस्ती. फवारावेच लागले तर पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची करावी.

कॅम्पोलेटिसच्या प्रौढ माशीला मात्र मध लागतो. हरभऱ्यात कोथिंबिरीच्या चार ओळी असल्या आणि त्या फुलावर येऊ दिल्या तर तिची सोय होते. कोथिंबीर सगळी बाजारात नेऊ नये. दोन ओळी माशीसाठी ठेवाव्यात.

आता मान वर करा. तारेवर, बाभळीच्या शेंड्यावर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल बसलेला असेल. तो झेप घेतो, काहीतरी टिपतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. साळुंक्या आणि गायबगळे ओळीओळीने चालत अळ्या वेचतात. सपाट हरभऱ्याच्या मधोमध बसायला जागा नसते, म्हणून कोतवाल कडेचीच कीड खातो. त्याला आत आणण्यासाठी पिकाहून हात-दीड हात उंच, आडवी काडी बांधलेल्या काठ्या रोवाव्यात. पेरतानाच हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली तर काठ्यांचाही खर्च वाचतो. शेजारी शालू दाण्यावर आला असेल तर त्या बाजूच्या काठ्या काढून घ्याव्यात, नाहीतर दाणे खाणाऱ्या पाखरांनाच आपण पाट मांडून दिल्यासारखे होते.

पाहुणे

थंडीत आपल्या शिवारात बरेच परदेशी पाहुणे येतात. दारे धरताना पाण्यामागोमाग शेपटी खालीवर करीत पळणारा धोबी त्यांतलाच. ओलाव्याने वर आलेले किडे तो टिपतो. त्याच्यापासून नुकसान काहीच नाही.

भोरडीचे तसे नाही. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना मध्य आशियातून येते आणि चैत्राच्या सुमारास परत जाते. आपल्याकडे ती घरटे करीत नाही. शालू चिकात आला की हजारोंचा थवा उतरतो आणि कणसे मोकळी करतो. ज्याच्या शेतावर थवा बसला त्याला पक्ष्यांचे गुण सांगण्यात अर्थ नाही. सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि दिवस मावळताना राखण केलीच पाहिजे. गावाने शालूची पेरणी एकाच आठवड्यात उरकली तर नुकसान वाटले जाते. एकट्याचाच शालू मागे-पुढे राहिला तर तो एकटा लुटला जातो. पण हीच भोरडी नाकतोडे आणि टोळ मोठ्या प्रमाणावर खाते, आणि माघ-फाल्गुनात पळसावर, सावरीवर मध पिताना तोंडाला पराग माखून एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. म्हणून गोफण जरूर फिरवावी, विष घालू नये.

तिसरा पाहुणा माळावरचा. लांब पंखांचा, गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या. तो नाकतोडे, उंदीर आणि लहान पाखरे धरतो आणि रात्री झाडावर नव्हे, उघड्या गवतात जमिनीवर झोपतो. माळ नांगरला किंवा त्यावर दाट झाडे लावली तर त्याला झोपायला जागा राहत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. झाडे लावणे चांगले, पण प्रत्येक माळावर झाडे लावणे चांगले नाही. माळ म्हणजे वाया गेलेली जमीन, ही समजूत चुकीची आहे. खोकड, लांडगा, काळवीट, चंडोल हे सारे उघड्या गवताचे रहिवासी. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तो पक्षी आज राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. कारणे अनेक आहेत, पण त्याचे गवताळ माळ आक्रसत गेले हे त्यांतले एक मोठे कारण आहे.

खोकडाला कोंबड्या चोरणारा कोल्हा समजू नये. तो कोल्ह्याहून बराच लहान, शेपटीचे टोक काळे. उंदीर, खेकडे, किडे आणि बोरे हे त्याचे खाणे. हिवाळ्याच्या अखेरीस त्याच्या बिळात पिले असतात.

उंदरांचा विषय निघालाच आहे तर गव्हाणी घुबडाबद्दल दोन शब्द. पांढऱ्या, पानाच्या आकाराच्या तोंडाचे हे घुबड जुन्या वाड्यात, देवळाच्या शिखरात, विहिरीच्या कपारीत राहते. ते ओरडले की अपशकुन मानून लोक त्याला हुसकावतात. एक घुबड रात्रीत एक-दोन उंदीर सहज खाते. पिले असली की याहून जास्त मारते. ते कोठे राहते हे शोधायचे असेल तर कपारीखाली पडलेल्या केसाळ गोळ्या फोडून पाहा. आत उंदराची हाडे सापडतील. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. धामणही त्याच कामाची. ती विषारी नाही, आणि फाल्गुनात ऊन खायला बांधावर येते तेव्हाच सर्वांत जास्त मारली जाते. उंदरांसाठी विषारी आमिष वापरले असेल तर मेलेले उंदीर रोज वेचून पुरावेत, म्हणजे ते खाऊन घुबड आणि खोकड दगावणार नाहीत.

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची जुनी घरटी लोंबत असतात. ती रिकामी समजून काढू नयेत. सुगरण पावसाळ्यात विणते, आणि थंडीत त्याच घरट्यांत चिमुकल्या मुनिया राहतात, अंडीही घालतात.

माघ-फाल्गुन : फुले आणि माश्या

माघात करडई वाळू लागते आणि मावा संपतो. मग ढालकिडे जातात कोठे? बांधावरील रुईचे झाड पाहा. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर पिवळाजर्द मावा दाटलेला दिसेल. हा मावा रुई, कण्हेर अशा चिकाच्या झाडांवरच जगतो; तुमच्या करडईवर, ज्वारीवर किंवा कपाशीवर तो येत नाही. पण ढालकिड्यांना तो चालतो. उघड्या शेतातून उठलेले ढालकिडे तुम्हाला या रुईवर भेटतील. ज्या झाडाला आपण निरुपयोगी म्हणतो, ते त्यांचे उन्हाळ्याकडे जातानाचे स्वयंपाकघर आहे. मारुतीला पाने लागतात म्हणून रुई काही ठिकाणी राहिली, हे बरेच झाले.

याच सुमारास काटेसावर, पांगारा आणि पळस पाने झडून फुलतात. फुले लाल-केशरी, मोठी आणि मधाने भरलेली. त्यांवर कोतवाल, साळुंकी, शिंजीर, भोरडी, खार अशी सारी जत्रा भरते. मधमाश्याही येतात. पुढे निंब आणि करंज फुलतात. ही क्रमवारी लक्षात ठेवावी, कारण मधमाशीचे वर्षभराचे पोट या क्रमावर चालते.

आपल्याकडे चार प्रकारच्या माश्या. उंच झाडाला किंवा कड्याला मोठे पोळे लावणारी आग्या. झाडाच्या ढोलीत, वारुळात समांतर पोळी बांधणारी आणि पेटीत पाळता येणारी सातेरी. बोरीच्या किंवा करंजाच्या फांदीला तळहाताएवढे एकच पोळे लावणारी फुलोरी. आणि भिंतीच्या भेगेत राहणारी, दंश न करणारी पोयाची माशी. यांतील फुलोरी बांधावरची. तिचे पोळे बहुधा झुडपात, माणसाच्या उंचीच्या आतबाहेर असते. बांध पेटला की ते पहिल्या झळीत जाते.

ज्यांनी कांद्याचे बीजोत्पादन घेतले आहे त्यांनी येथे नीट लक्ष द्यावे. कांद्याच्या फुलात पराग आधी मोकळे होतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होते. म्हणजे एका फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यावा लागतो. वाऱ्याने हे काम होत नाही, माशीच लागते. गोंडा मोठा दिसतो पण दाणा भरत नाही, अशी तक्रार अनेक जण करतात. खताचा डोस विचारतात, संजीवके विचारतात. अशा वेळी मी प्रथम एकच विचारतो : सकाळी दहा वाजता गोंड्यावर माश्या किती असतात? फुलकिड्यांसाठी फुलोऱ्यात सकाळी फवारणी केली की माश्याही मरतात. फवारणी शक्यतो फुले उमलण्यापूर्वी उरकावी. अगदीच टाळता येत नसेल तर माश्या परतल्यावर, दिवस मावळताना करावी. कलिंगड, खरबूज आणि काकडी यांनाही हेच लागू आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे. ज्यांना पेट्या ठेवायच्या असतील त्यांनी प्रशिक्षण घेऊनच ठेवाव्यात. पण पेटी आणली आणि बांध बोडका असला, तर कांदा संपल्यावर माश्या उपाशी राहतील किंवा वसाहत सोडून जातील.

बांध जाळावा की कापावा

आता काडीकडे येऊ. बांध जाळणाऱ्यांची कारणे खोटी नाहीत. बांधात उंदरांची बिळे असतात. कुंदा आणि हराळी शेतात शिरते. सापाची भीती असते, आणि मजूर मिळत नाही. पण जाळाने बीळ जळत नाही. उंदीर आत सुरक्षित राहतो आणि त्याला खाणारी धामण मात्र होरपळते. कुंदा-हराळीच्या मुळ्या आणि गड्डे जमिनीत राहतात, पहिल्या पावसाने पुन्हा फुटतात. मग जळते काय? फाल्गुनापासून गवताच्या बुडाशी असलेली तितराची अंडी, चंडोलाचे घरटे, गांधीलमाश्यांचे कोष, कोळ्यांची अंडी, फुलोरीचे पोळे, आणि करंजाचा, निंबाचा त्या वर्षीचा मोहोर. शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या आणि कडब्याची गंजी जळते ती वेगळी. तो हिशोब तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.

पर्याय असा. बांधाचे गवत विळ्याने कापावे, तेही सगळे एकदम नको. या वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. कापण्यापूर्वी काठीने गवत हलवून पाहावे. तितर उठला तर तेवढी जागा सोडावी. कापलेले गवत फळझाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालावे. कुंदा शेताकडच्या कडेला खणून काढावा. त्याला दुसरा इलाज नाही आणि सोपाही नाही. उंदरांची बिळे बुजवून दुसऱ्या दिवशी उकरलेली तेवढीच धरावीत. गाजरगवत मात्र फुलण्यापूर्वी मुळासकट उपटावे, त्याला दयामाया नको. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले हे तण उघड्या पडलेल्या जमिनीत सर्वांत आधी घुसते, आणि जळालेला बांध म्हणजे त्याला मोकळे रानच. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा थंडीत आणि उन्हाळ्यात जमिनीत सुप्त असतो आणि पाऊस पडला की वर येतो. तो दिसत नाही म्हणून संपला असे समजू नये.

चैत्रात ओढ्याच्या उभ्या मातीच्या काठाला पाहा. दोन बोटे जातील अशी गोल भोके दिसतील. ती वेड्या राघूची घरटी. हा हिरवा पक्षी उडते किडे धरतो. तो मधमाश्याही खातो, हे लपवण्याचे कारण नाही. पेट्या त्या काठापासून दूर ठेवाव्यात म्हणजे झाले. ओढा खोलीकरणाचे काम बहुधा याच महिन्यांत निघते आणि जेसीबी दोन्ही काठ एका दिवसात सरळ करतो. पाणी अडवणे जरुरीचे आहे. पण यंत्र उतरण्यापूर्वी ग्रामसभेत एवढे ठरवून घ्यावे, की एका अंगाचा काठ, त्यावरील करंज, उंबर आणि जांभूळ जसेच्या तसे राहतील. यंत्राला दोन्ही बाजूंनी उतरावे लागत नाही.

शेवटी वहीविषयी. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. बऱ्याच गावांत ही नोंदवही कपाटात असते आणि तिच्यात झाडांच्या याद्या असतात. पळस कधी फुलला, भोरडी कोणत्या तिथीला गेली, पहिला कोष कोणत्या शेतात सापडला, हे तिच्यात नसते. तुमच्या वहीत ते असेल. प्रत्येक नोंदीला तारीख, गट क्रमांक, गावातले नाव आणि तो जीव त्या वेळी काय खात होता, एवढे चार रकाने पुरेत. पाडव्यापर्यंतची पाने भरली की त्यांची एक नक्कल ग्रामपंचायतीकडे द्यावी आणि वही पुढच्या मार्गशीर्षासाठी घरी जपून ठेवावी.